क्याई लुरुस आणि पाच स्क्रू

रुवाह २, सोमवार पोन

नवी वही उघडली की आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची, ही माझी जुनी खोड. वहीतून उत्तर कोण देणार, पण विचारल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. तर रुबिया, तुझा उजवा गुडघा कसा आहे? बरा आहे म्हणतेस, पण ओटा उतरताना भिंत धरतेस ते मला दिसतं. वुर्यानी पोरी, सेमारांगला तुझी पाठ कशी आहे, आणि जावईबापूंचा खोकला? शेळीबाई, परवा पोट फुगलं होतं ते उतरलं का? माझ्या डोळ्यांनो, तुम्ही अजून किती दिवस साथ देणार? आणि निळे गाडी, सहा वर्षं फणसाखाली उभी आहेस, तुझं कसं काय? लांपुंगला सितो आहे, माझा धाकटा भाऊ. त्याचंही ठीकच असावं.

गाडीचं नाव निघालं त्याला कारण रुबिया. सकाळी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, यंदा न्याद्रानला कबरी झाडायला मी आपल्या गाडीतून जाणार. शेजाऱ्याच्या टेंपोत उभ्याने जायचे दिवस गेले, गुडघा ऐकत नाही. न्याद्रान याच रुवाह महिन्याच्या बावीस तारखेला, रविवारी, आमच्या पाच दिवसांच्या बाजारवारांपैकी पोनला. हातात वीस दिवस. मी म्हटलं, बुने (पोरीची आई म्हणून मी बायकोला बुने म्हणतो, ती मला पाकने), सहा वर्षांत तिचं तोंड उघडलेलं नाही. ती म्हणाली, मग उघडा. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या उघडल्यात, ही तर घरची. गाडी चालली नाही तर मी कबरीवर येणार नाही, तुम्ही एकटेच सांगा तुमच्या बापाकना, सून का आली नाही ते.

मग जरा थांबून विचारलं, "मागच्या सीटवर दोघं नीट बसतील ना?"

मी म्हटलं आपण दोघं तर पुढेच बसणार. ती म्हणाली, विचारलं आपलं.

दुपारी बॅटरी आणून जोडली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. पेट्रोल कार्बोरेटरमध्येच सुकून चिक्की झालेलं असणार. वरचं झाकण उघडून धुवायला हवं. झाकणाला पाच स्क्रू आहेत, करंगळीच्या नखाएवढे. पाच स्क्रूंचं काम, म्हणजे कामच नाही.

रुवाह ४, बुधवार क्लिवोन

अवजारं नाहीत हे विसरलोच होतो. माझं गाडीदुरुस्तीचं दुकान मिटलं तेव्हा सगळी पेटी तंत्रशाळेला देऊन टाकली. घरात उरला तो एकटा क्याई लुरुस.

क्याई लुरुस म्हणजे बापाकचा, माझ्या वडिलांचा, फुलीचा डिसमिस. युद्ध संपल्यावर कॉफीच्या मळ्यावरच्या अमेरिकन जीपच्या पेटीतून बापाककडे आला. लाकडी मूठ, दांडा आरशासारखा आणि अगदी सरळ, म्हणून लुरुस. बापाक मळ्याच्या गॅरेजात मिस्त्री होते आणि त्या काळात असं अवजार अख्ख्या तालुक्यात नव्हतं. लोकांच्या घरी वडिलोपार्जित खंजीर असतो, त्याला मानाने क्याई म्हणतात. आमच्या घरी डिसमिस. दरवर्षी सुरो महिन्यात फुलांच्या पाण्याने त्याची आंघोळ, मग तेल, मग पांढरं फडकं. बापाक गेल्यावर थोरला म्हणून तो माझ्याकडे आला. मी तो कामाला कधी घेतला नाही. कामाला बाजारातले डिसमिस होते, जुन्या जपानी गाड्यांच्या पेट्यांतून मिळालेले. वारशाला कोण ग्रीस लावतं?

आज नाइलाजाने फडकं सोडलं. आधी क्षमा मागितली. पहिल्या स्क्रूवर टेकवला, दाबला, फिरवला, तर तो फुलीतून वर चढून निसटला. पुन्हा दाबला, पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी स्क्रूच्या डोक्यावरची फुली गेली आणि तिथे वाटीसारखा गुळगुळीत खड्डा झाला. दुसऱ्या स्क्रूचंही तसंच. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक स्क्रू खाल्ला गेला नव्हता. लोक म्हणायचे कस्मिदीचा हात थंड आहे, लोखंडसुद्धा त्याचं ऐकतं.

फडकं बांधून ठेवलं. आज काम नको.

रुवाह ५, गुरुवार लेगी

रात्रभर हाताकडे बघत होतो, असं रुबिया म्हणते. मी झोपलो होतो. पण सकाळी तिला विचारलं खरं, म्हातारपणी थंड हात गरम होतो का गं? ती कसाव्याचे तुकडे उकडून आंबवायला ठेवत होती. म्हटलं, खमीर मी भुरभुरवू का, बघू कसं आंबतं ते. तिने टोपलं माझ्यापासून लांब सरकवलं. "पाकने, तुमचा हात थंड असो नाही तर गरम, धुतलेला नाही हे नक्की."

थट्टा सोपी आहे. गरम हाताचं दुःख मी जवळून पाहिलंय. सितोचा हात गरम होता. आमच्या गावात एकदा एखाद्याचा हात गरम ठरला की त्याला कोणी रोप लावायला बोलावत नाही, आंबवणीच्या मडक्याजवळ फिरकू देत नाही, नव्या घराची पहिली वीट धरू देत नाही. सितोने मळ्याच्या मॅनेजरच्या नव्या कोऱ्या जपानी गाडीचे चार स्क्रू खाल्ले. बापाकनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, याचा हात गरम आहे, याने आता माझ्या अवजारांना शिवायचं नाही. तेव्हा त्याचं वय बावीस, माझं चोवीस. लग्न होऊन त्याला चार महिने झाले होते. वर्ष फिरायच्या आत त्याने सरकारी वसाहतीत नाव घातलं आणि बायकोला घेऊन सुमात्रातल्या लांपुंगला गेला, समुद्रापलीकडे. बेचाळीस वर्षं झाली.

त्याच्याकडे मिरीचे दोन हजार वेल आहेत म्हणतात. गरम हाताला मिरी लागते कशी, हे कोडंच आहे. तिकडची माती चांगली असणार.

रुवाह ७, शनिवार पोन

एक सुटला. वहीत हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

सायकलची फाटकी ट्यूब घेतली, बोटभर तुकडा कापला, स्क्रूच्या डोक्यावर ठेवला आणि त्यावर डिसमिस दाबला. रबर त्या खड्ड्यात भरलं आणि डिसमिसाने त्याला धरलं. वर हातोडीने दोन हलक्या टपल्या दिल्या, झोपलेल्याला उठवताना देतो तशा. आदल्या दिवशी रॉकेल पाजून ठेवलंच होतं. फिरवला, तर कुर्र करून हलला. त्या आवाजासारखा आवाज नाही. बापाक म्हणायचे, स्क्रू सुटताना बोलतो, तो बोलला की तुम्ही गप्प बसायचं. मी आणि सितो गॅरेजच्या फरशीवर बसून पैजा लावायचो, कोणता आधी बोलेल. कॉफीच्या बिया वाळत पडलेल्या असायच्या, त्यांचा वास ग्रीसमध्ये मिसळायचा. दुपारच्या सुट्टीत गॅरेजमागच्या ओढ्यात उडी मारायची आणि ओल्या अंगानेच परत यायचं. बापाक ओरडायचे की पाण्याने अवजारं गंजतील. अवजारं कधी गंजली नाहीत. सितोला बुडी मारून तळाचा दगड आणता यायचा, मला कधीच आला नाही. तो माझ्यासाठी एक जास्तीचा आणायचा आणि वर येऊन सांगायचा की हा कांगने काढला. कांग म्हणजे थोरला भाऊ, म्हणजे मी.

रुबियाला स्क्रू दाखवायला गेलो तर ती परसात फोनवर होती. वुर्यानीशी बोलत असणार. "मिरी उतरवून झाली का सगळी? मग आता निमित्त सांगू नका म्हणावं." मला पाहिल्यावर फोन ठेवला. सेमारांगला मिरी कुठली? बाजारभाव विचारत असेल. बायकांच्या गप्पांना शेंडाबुडखा नसतो.

रुवाह १०, मंगळवार लेगी

दुसऱ्या स्क्रूने माझे तीन दिवस घेतले. रबर लावलं, रबर फाटलं. हवा भरायच्या पंपाच्या नळीचं जाड रबर लावलं, तेही फाटलं. शेवटी करवतीचं पातं फडक्यात धरून स्क्रूच्या डोक्यात आडवी चीर पाडली. झाकणाचा धातू मऊ, पातं जरा खाली गेलं तर झाकणच जायचं, म्हणून श्वास धरून दहा ओढी, मग विश्रांती. चीर पडली. स्वयंपाकघरातली चपटी सुरी नाक तोडून चपट्या डिसमिससारखी बसवली आणि पकडीने पिरगाळली. सुटला. सुरी रुबियाची नारळ सोलायची होती. त्याबद्दल जे ऐकलं ते वहीत येणार नाही.

उरलेल्या तिघांना हात लावायची हिंमत होईना. लावला. तिसऱ्यावर क्याई लुरुस टेकवला, अगदी सरळ, अगदी हळू, सगळं बापाकनी शिकवलं तसं. निसटला. फुली गेली.

हात थरथरत नव्हता. मी नीट पाहिलं. हात चांगला होता आणि तरी असं झालं. म्हणजे गरम झाला. दुसरं काय म्हणायचं? सितोचाही थरथरत नव्हता.

वुर्यानीचा फोन आला तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, बापा, ती गाडी भंगारात द्या, मी भाड्याची पाठवते. मी म्हटलं बघू. रुबियाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, भाड्याची नको, यांनीच ही चालवून न्यायची आहे. एवढा हट्ट कशासाठी, मला कळत नाही. गुडघा भाड्याच्या गाडीतही बसतोच की.

रुवाह १२, गुरुवार पोन

सालातिगाला को सिओंगच्या अवजारांच्या दुकानात गेलो. ऐंशीच्या घरातला माणूस, अजून गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसतो आणि गिऱ्हाइकाला नाव विचारायच्या आधी काय मोडलं ते विचारतो. लहानपणी बापाकबरोबर यायचो तेव्हाही तो त्याच्या बापाशेजारी तिथेच बसलेला असायचा. मी खाल्लेले तिन्ही स्क्रू (तिसरा काढायला ठोकर द्यावी लागली, छिन्नी कडेला लावून उलट्या बाजूने टकटक करत) आणि फडक्यातला क्याई लुरुस समोर ठेवला. म्हटलं, को, खरं सांगा, हात गरम झाल्यावर माणसाने अवजार सोडावं का?

त्याने भिंग डोळ्याला लावलं. स्क्रू उलटासुलटा केला. मग डिसमिसाचं नाक बघितलं, बराच वेळ. मग पेटीतून एक नवा डिसमिस काढला आणि दोघांची नाकं शेजारी शेजारी धरून भिंग माझ्या हातात दिलं.

"कस्मिदी, तुमचा हात थंडही नाही, गरमही नाही. तुमचा डिसमिस परका आहे."

मला कळेना. त्याने बोटाने दाखवलं. स्क्रूच्या डोक्यावर, फुलीच्या बाजूला, टाचणीने टोचल्याएवढा एक ठिपका. म्हणाला, हा ठिपका असला की स्क्रू जपानी मापाचा. त्याची फुली उथळ, कोपरे काटकोनात. तुमचं हे अमेरिकन नाक निमुळतं, खाली उतरतच नाही पुरतं. जोर दिला की वर चढतं आणि जाताना फुली घेऊन जातं. दिसायला दोघं सख्खे भाऊ, पण एकाचं तोंड दुसऱ्याच्या ताटात जात नाही. कितीही थंड हाताने फिरवा, खाणारच.

मी विचारलं, नेहमी?

"नेहमी. तुमच्याच काय, तुमच्या बापाकच्या हातानेही."

त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी नवा डिसमिस घेतला. बसमध्ये बसलो आणि उतरायचं गाव मागे टाकून पुढच्या थांब्यावर उतरलो. चालत परत आलो.

रुवाह १३, शुक्रवार वागे

काही लिहिण्यासारखं नाही.

रुवाह १४, शनिवार क्लिवोन

लिहायला हवं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. रुबिया वाचते की काय ते माहीत नाही.

पाच तारखेला मी लिहिलं की सितोने चार स्क्रू खाल्ले. ते खरं नाही. त्या दिवशी मॅनेजरची गाडी सकाळी आली. नवी, पांढरी, मळ्यावरची पहिली जपानी. बापाक मॅनेजरला घेऊन ऑफिसात गेले आणि मला सांगून गेले की कार्बोरेटरचं झाकण उघडून ठेव. मी फडकं सोडून क्याई लुरुस घेतला. त्या काळी तो रोजच्या कामाला असायचा. पहिला स्क्रू निसटला आणि खाल्ला गेला. घाई केली म्हणून झालं असेल असं वाटलं. दुसऱ्याला जास्त दाबलं. तोही गेला. बापाक कोणत्याही क्षणी येतील. सितो शेजारी पाने-पकडी धूत होता. मी म्हटलं, सितो, तू बघ जरा, मला पाणी प्यायचंय. आणि डिसमिस त्याच्या हातात दिला.

त्याने झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. मग वाकला आणि तिसऱ्या स्क्रूला लागला.

मी पाणी पिऊन परत आलो तेव्हा बापाक आणि मॅनेजर दारात उभे होते. चार स्क्रू गेलेले, डिसमिस सितोच्या हातात. बापाकनी विचारलं, चारही तुझ्या हातून? सितो म्हणाला, हो बापाक. बापाकनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिथे तेलाचा डाग होता, तो कसा दिसत होता हे मला आजही काढून दाखवता येईल.

बेचाळीस वर्षं मी मनाला समजावलं की दोन काय आणि चार काय, शेवटी त्याचा हात गरमच होता, उरलेले दोन त्याच्याच हातून गेले ना. आता को सिओंग सांगतो की हातांचा प्रश्नच नव्हता. वाटलं होतं, हे कळलं की मोकळं वाटेल. उलट झालं. डिसमिसाने सितोचे दोन स्क्रू त्याच्या खात्यातून पुसले, माझे दोन माझ्या खात्यातून पुसले. गप्प बसलो ते मात्र कोणाच्या डिसमिसाने?

सितोला हे कधीच कळलं नाही. त्याला वाटत असणार की चारही त्यानेच खाल्ले. दर ईदला फोनवर आम्ही दोघं ठरलेलं वाक्य म्हणतो, बोलण्यावागण्यात काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर. तो म्हणतो, मलाही कर, कांग. दोन मिनिटांत फोन संपतो. कशाची माफी ते दोघांनीही कधी विचारलं नाही. बापाकच्या मातीला आला होता, शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि त्याच संध्याकाळच्या बसने परत गेला. मी राहा म्हणालो होतो. जोर देऊन म्हणालो नव्हतो.

रुवाह १७, मंगळवार पोन

नव्या डिसमिसाने उरलेले दोन स्क्रू असे सुटले की हसू यावं. एकदा दाबला, एकदा फिरवला, बस. आठवड्यापूर्वी मी आनंदाने शेजाऱ्यांना बोलावलं असतं.

कार्बोरेटर उघडला. आत मधासारखा पिवळा चिकट थर. थिनरने धुतलं, सुईएवढ्या भोकांतून गवताची काडी फिरवली, तोंडाने फुंकलं. पॅकिंग नवं कापलं. नवे स्क्रू घातले, ठिपकावाले, आणि घालायच्या आधी प्रत्येकाला ग्रीसचं बोट लावलं, म्हणजे पुढच्या वेळी उघडणाऱ्याला त्रास नको. तिसऱ्या किल्लीला गाडी लागली. शेळी घाबरून दोरी तोडून पळाली. रुबिया ओट्यावर आली, पदर तोंडाला लावून उभी राहिली. तिला एवढं भरून यायला काय झालं? गुडघा फारच दुखत असणार.

जेवताना मी तिला को सिओंगचं सांगितलं, डिसमिसाचं. बाकीचं नाही. ती भात वाढता वाढता थांबली. "म्हणजे सितोच्या हाताला काही नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं.

"हे त्याला कोण सांगणार?"

मी म्हटलं भाजीत मीठ कमी आहे. नव्हतं कमी.

रुवाह २१, शनिवार पाहिंग

आज अख्खी गल्ली अपेम भाजण्याच्या वासाने भरली. रुवाहचे हे तांदळाचे घावन मी लहानपणापासून मोजत आलोय. आमच्या दोघांच्या वाटणीचे आठ आणि कबरीवर न्यायचे बारा. आज रुबियाने अठ्ठावीस केले. मी मोजले. म्हणाली, पाहुणे आले तर? कोणते पाहुणे? बघू, ती म्हणाली. मागच्या खोलीतली चटई उन्हात घातली होती. जुना सारोंग धुऊन इस्त्री केलेला, माझ्या मापाचा नव्हे, जरा आखूड.

रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, उद्या सकाळी सहाला निघू आणि आधी तालुक्याच्या बसस्थानकावर जाऊ. मी विचारलं कोणाला आणायला? म्हणाली, माझ्या मामेबहिणीची पोरं येणार असं म्हणत होती. मामेबहिणीला दोन पोरं आहेत, दोघंही कालिमांतानला. येत असतील.

रुवाह २२, रविवार पोन

सहा वाजता बसस्थानकावर. गाडी सुरेख चालली, चढावर एकदाही अडखळली नाही. रुबियाने सणासुदीची नवी चोळी, केबाया, घातली होती. सुमात्राकडून येणाऱ्या बसच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, मामेबहिणीची पोरं कालिमांतानहून विमानाने येतात, इथे कशाला? ती बसच्या पाट्या वाचत राहिली.

पहिली बस आली. दुसरी आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, कोंबड्यांची टोपली उतरली. रुबिया प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिसरी बस रिकामी झाल्यावर तिने फोन लावला, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन ठेवला आणि बाकावर बसली.

"सितो येणार होता," ती म्हणाली. "गेलं वर्षभर मी त्याच्या बायकोशी, पोनियेमशी, बोलतेय. काल तो निघाला. फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत आला, तिकीट काढलं, पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला. मग परत घरी गेला."

मी विचारलं, का?

"पोनियेमने तेच विचारलं. म्हणाला, म्बायूने बोलावलं, वहिनीने. कांगने कुठे बोलावलंय?"

बाकाच्या बाजूला एक माणूस केळी विकत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. रुबियाने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, चला, बापाक वाट बघतायत. गाडी चढावर नेली. कबरी झाडल्या, फुलं वाहिली. जेवणाच्या पंगतीत लोक विचारत होते, गाडी चालू केलीत वाटतं, कस्मिदी? हात अजून थंड आहे तुमचा. मी हो म्हणालो. उरलेले अपेम रुबियाने परत फडक्यात बांधले.

बापाकच्या कबरीशी एकटा थांबलो होतो थोडा वेळ. त्यांना सांगितलं. त्यांच्याकडून उत्तर यायचं नव्हतंच. ज्याच्याकडून येऊ शकतं तो लांपुंगला आहे.

रुवाह २४, मंगळवार क्लिवोन

फोनवर मला जमणार नाही, ते ठरलेलं वाक्यच तोंडात येईल. म्हणून पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी रुबियाला वाचायला दिलं. तिने ते दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि ‘तुला हे माहीत नाही’ या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी लहान पोर आहे. मी विचारलं चूक आहे का काही? म्हणाली नाही, जसं आहे तसंच टाका. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"सितो,

गाडी आणून बसस्थानकावर उभा होतो. म्बायूने मला सांगितलं नव्हतं, नाही तर मी आधीच बोलावलं असतं, असं लिहायला बसलो होतो. खरं सांगतो, बोलावलं नसतं. लाज वाटली असती.

मॅनेजरच्या पांढऱ्या गाडीचे पहिले दोन स्क्रू मी खाल्ले होते. तुझ्या हातात डिसमिस दिला तेव्हा ते आधीच गेलेले होते. तुला हे माहीत नाही, म्हणून सांगतो. बापाकनी विचारलं तेव्हा मी बोललो नाही. नंतरही बोललो नाही. तू वसाहतीच्या ट्रकवर चढलास तेव्हा मी तुझी पेटी वर दिली आणि तेव्हाही बोललो नाही.

उरलेले दोन तुझ्या हाताने गेले असं तुला वाटत असेल तर तेही मनातून काढ. त्या डिसमिसाला जपानी स्क्रू चालत नाहीत, हे मला सालातिगाच्या को सिओंगने भिंगातून दाखवलं. बापाकच्या हातानेही गेले असते. तुझा हात कधीच गरम नव्हता. हे मी कालपासून गावात सगळ्यांना सांगायला सुरुवात केली आहे. रविवारी शेजारीपाजारी जमतील तेव्हा पुन्हा सांगेन, माझ्या दोन स्क्रूंसकट. हसतील. हसू देत.

ईदला आपण म्हणतो ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. ते फार वेळा वापरून झालं.

ईदला ये. पोनियेमला घेऊन ये. हे म्बायू नाही, मी बोलावतोय. बसस्थानकावर मी असेन, निळी गाडी घेऊन. नाही आलास तर पुढच्या बसला असेन.

उत्तर लवकर लिही. शिव्या असल्या तरी चालतील. पण तूच लिही, पोनियेमकडून लिहवून घेऊ नकोस. तुझं अक्षर पाहून फार वर्षं झाली.

तुझा कांग,
कस्मिदी"